पेद्रूची विभक्ती

अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे, म्हणून तिथे जायला होडी लागते, हे मला माहीत होतं. होडी सुटायला पेद्रू लागतो, हे माहीत नव्हतं.

रविवारची सकाळ. विरार स्टेशनवरून शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी चौथा बसून, एक मांडी आत आणि एक बाहेर अशा बेताने आगाशीमार्गे अर्नाळ्याला पोचलो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला हातात घेतल्या आणि पाण्यातून चालत जाऊन होडीत चढलो. होडीत एक मावशी मासळीची रिकामी पाटी घेऊन बसल्या होत्या. कॉलेजातली दोन पोरं स्वतःचेच फोटो काढत होती. एक गॅसचा सिलिंडर होता आणि एक तांडेल होता. समोर किल्ल्याचे बुरूज इतके जवळ दिसत होते की पोहता येत असतं तर मी होडीची वाट पाहिली नसती. होडी मात्र जागची हलेना.

"काय राहिलंय?" मी विचारलं.

"इंजिनाचं हँडल," तांडेल म्हणाला. "पेद्रूकडं हाय."

मग मावशींनी किनाऱ्याकडे तोंड केलं, छातीत हवा भरली आणि हाक दिली, "पेद्रूऽऽ!"

होडीतल्या बाकीच्यांनी किनाऱ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले. कारण मला एक व्यसन आहे. माणसाचं नाव कानावर पडलं की माणूस बाजूला राहतो आणि मी नावाच्या मागे लागतो: ते कुठून आलं, त्याचा अर्थ काय, ते चालतं कसं. 'चालतं' म्हणजे शाळेत आम्ही राम चालवायचो तसं. बारशाला मला हल्ली बोलावत नाहीत. एका बारशात ठेवलेल्या नावाचा अर्थ मी पाळण्याशेजारी उभं राहून सांगितला होता. तेव्हापासून पेढे घरपोच येतात.

राम चालवायला शिकवलं त्या गुरुजींचं आणि माझं एकदाच वाजलं, ते द्विवचनावरून. रामः रामौ रामाः. एकवचन समजलं, बहुवचन समजलं. पण खास दोघांसाठी वेगळं रूप? "गुरुजी, एका वेळी बरोबर दोन राम कुठे भेटणार?" गुरुजींनी कान धरला आणि म्हणाले, "भेटतील तेव्हा कळेल." पन्नास वर्षं झाली. भेटले नाहीत.

तर, पेद्रू. पोर्तुगीज पेद्रो, इंग्रजी पीटर, मराठी बायबलातला पेत्र आणि या सगळ्यांचा मूळपुरुष ग्रीक पेत्रोस. पोर्तुगीजांच्या हाती वसई 1534 च्या तहाने आली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पाने ती घेतली. अर्नाळा मराठ्यांनी दोन वर्षं आधीच, 1737 मध्ये घेतला होता. म्हणजे मधली दोनेकशे वर्षं या पट्ट्यात बाप्तिस्म्याच्या वेळी पेद्रो, आंद्रे, इस्तेव्हांव अशी नावं ठेवली जात होती. पुढे पोर्तुगीज गेले, नावं राहिली. अर्नाळ्याच्या बेटाला ते आपल्या भाषेत 'गाईंचं बेट' म्हणत. ते नाव मात्र गेलं. ठिकाणांची नावं सरकारबरोबर जातात, माणसांची नावं आजोबांबरोबर राहतात.

आता पेद्रो लिहितात आणि पेद्रू म्हणतात, हे कसं? त्यात अर्नाळेकरांनी काही बिघडवलेलं नाही. शब्दाच्या शेवटी जोर नसलेला 'ओ' पोर्तुगीज माणूस 'उ'च्या जवळ उच्चारतो. आमच्या लोकांनी कानाला आलं ते धरलं. आणि मराठीत अंत्य उकार दीर्घ, या शुद्धलेखनाच्या नियमानुसार पेद्रूला दीर्घायुष्यही मिळालं.

पण खरी गंमत पुढे आहे. लॅटिनपासून ज्या भाषा निघाल्या, त्यांनी बहुतेक नामं प्रथमेतून उचलली नाहीत, द्वितीयेतून उचलली. पेत्रुस ही प्रथमा, पेत्रुम ही द्वितीया. त्या पेत्रुमचा म गळला, त चा द झाला आणि पेद्रो झाला. म्हणजे पोर्तुगालमध्ये बिचारा जन्मभर कर्म म्हणून वावरला. उलट, ग्रीकात पेत्रोसची षष्ठी होते पेत्रू. 'पेत्रू' म्हणजे पेत्रोसचा, पेत्रोसची, पेत्रोसचं. एखादा अथेन्सकर त्या होडीत माझ्या शेजारी बसला असता, तर मावशींची हाक ऐकून त्याला वाटलं असतं, बाई म्हणतायत 'पेत्रोसचं', आणि 'काय पेत्रोसचं?' म्हणून तो पुढच्या शब्दाची वाट पाहत बसला असता. (त्या दिवशी त्याचं उत्तर सोपं होतं: हँडल.) सारांश असा की लॅटिनची द्वितीया, ग्रीकाच्या कानाला षष्ठी आणि मावशींच्या तोंडी संबोधन. इतक्या विभक्त्या एका माणसाने अंगावर घेतल्यावर त्याला यायला उशीर होणारच.

"पेद्रूऽऽ!" मावशी पुन्हा म्हणाल्या. किनाऱ्यावर एका कुत्र्याने मान वर केली. बाकी कोणी नाही.

ग्रीकांची हाक मारायची रीत आपल्या ओळखीची आहे. त्यांच्या पुरुषी नावांच्या शेवटी जो 'ओस' असतो, तो आणि आपल्या रामःचा विसर्ग सख्खे भाऊ. दोघंही मुळात एकच स्-कार. आणि दोन्ही भाषांत हाक मारताना तो गळतो: रामः चं हे राम, जुन्या ग्रीकात पेत्रोसचं पेत्रे. कारण उघड आहे. विसर्ग हा कोट-टोपीसारखा आहे. वाक्यात कर्ता म्हणून मिरवायचं तर लागतो, घरच्या माणसाने गॅलरीतून हाक मारली तर कोण कोट चढवतो? ज्यांनी शाळेत राम चालवला त्यांना पेत्रोस चालवायला अर्धा तास पुरे. शिवाय संस्कृतात आठ विभक्त्या घोकाव्या लागतात. जुन्या ग्रीकांनी पाचांत भागवलं, आजच्या ग्रीकांनी चतुर्थीही टाकून चारांवर आणलं. फक्त द्विवचन जुन्या ग्रीकातही होतं. तिथेही कुठल्या तरी पोराने कान धरून घेतला असेल.

आता अर्थ. हा अर्थ कळला तेव्हा मी घरात एकटाच टाळी वाजवली होती. पेत्रोस हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते टोपणनाव आहे. गालिलच्या सरोवरावर जाळं टाकणारा शिमोन नावाचा कोळी होता. येशूने त्याला म्हटलं, तू केफा. अरामी भाषेत केफा म्हणजे खडक. ग्रीकांना हे नाव जसंच्या तसं लिहिणं अवघड गेलं, कारण पुरुषाचं नाव आकारान्त उघडं सोडायचं म्हणजे काय? त्यांनी शेपटीला स् लावून केफास केलं. मग भाषांतर करायला घेतलं, तर आणखी पंचाईत. ग्रीकात खडक म्हणजे पेत्रा, आणि पेत्रा स्त्रीलिंगी. जाळं ओढणाऱ्या दाढीवाल्या माणसाला पेत्रा कसं म्हणणार? मग लिंग बदललं, आ काढून ओस लावला, पेत्रोस झाला.

मराठीला ही पंचाईत कधी आली नाही, कारण आमच्याकडे हे नाव आधीपासून तयार होतं. धोंडा हा दगड. धोंडू, धोंडो हा माणूस. पेत्रा आणि पेत्रोस, धोंडा आणि धोंडो! नुसता अर्थच नाही, घडणही तीच. वस्तूच्या नावाला वेगळा प्रत्यय लावून माणूस केला. म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे अथेन्समध्ये जन्मले असते तर पेत्रोस झाले असते. तिथे मधलं वडिलांचं नाव सरकारी कागदावर षष्ठीत लिहायची पद्धत आहे, म्हणजे 'धोंडो केशवाचा कर्वे'. आपण केशव तसाच ठेवतो आणि षष्ठी मनात धरतो.

एकदा ही किल्ली हाती आली की जगाचा इतिहास घरगुती होतो. रशियाचा पीटर द ग्रेट म्हणजे थोरले धोंडोपंत. सेंट पीटर्सबर्ग म्हणजे संत धोंडोबाची वाडी. पेट्रोलियम हा शब्दही याच पेत्राचा, पुढे लॅटिनमधलं तेल लावलेला: धोंडेल तेल. त्यातलंच डिझेल या होडीच्या इंजिनात होतं आणि तेही पेद्रूचीच वाट पाहत होतं.

फरक इतकाच की आमच्याकडे धोंडू, दगडू ही नावं कौतुकाने ठेवलेली नव्हेत. आधीची मुलं जगली नाहीत की नंतरच्याला असलं नाव द्यायचं. दृष्ट लागू नये, यमाला वाटावं की हा दगड नेऊन काय करायचा. ग्रीकांचा पेत्रोस मात्र पायाचा दगड. त्याच्यावर सगळी मंडळी उभी राहायची होती. पण त्या पायाच्या दगडाचंही वागणं अगदी आपल्यातलंच होतं. येशू पाण्यावरून चालत आला तेव्हा हाही उत्साहाने होडीतून उतरून पाण्यावर चालू लागला. वारा बघितला, घाबरला आणि बुडू लागला. नाव धोंडू आणि चालतोय पाण्यावर! मला तो सगळ्या शिष्यांत जवळचा वाटतो तो याच्यासाठी. पुढे कोंबडा आरवायच्या आत त्याने तीनदा 'मी नाही त्याला ओळखत' म्हटलं, तेव्हाही खडकाला घाम फुटलाच होता. शहरातल्या मराठीत एखाद्या नेभळटाला 'पेद्रू' म्हणतात, ते ऐकून पूर्वी मला राग यायचा. अर्नाळ्यात समजलं की आधी माणसाला बुडू द्यावं, मग त्याच्यावर चर्च बांधावं. पहिला अर्धा भागच शहराला माहीत आहे.

त्याचा सण 29 जूनला. कोळ्यांचा हा संत, आणि त्याचा दिवस येतो तो पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते त्याच्या जवळजवळ मध्यावर. होड्या वाळूवर शाकारून ठेवलेल्या, जाळी ओटीवर दुरुस्तीला, तांडेल घरात. संताची सोय बघून सरकारने तारखा ठरवल्या असाव्यात, असं मला वाटतं. सरकारला वाटत नाही.

"येतो म्हनला होता सात वाजता," तांडेल म्हणाला. नऊ वाजले होते. फोटो काढणाऱ्या पोरांनी आता सिलिंडरचेही फोटो काढले होते.

मावशींनी पाटी बाजूला ठेवली, उठून उभ्या राहिल्या, आणि या वेळी सूर बदलून म्हणाल्या, "ए पेद्र्याऽऽ!"

मी डोळे उघडले. हे रूप फार मोलाचं. ऊकारान्त नावाला 'या' लावून केलेलं, बंडूचं बंड्या, धोंडूचं धोंड्या, पांडूचं पांड्या. जुन्या ग्रीकात संबोधनाचं एकच रूप. रागावलात तरी पेत्रे आणि लाडात आलात तरी पेत्रे. मराठी आईला एका रूपात भागत नाही. पेद्रू ही हाक, पेद्र्या हा इशारा. मी तेव्हा असा सिद्धान्त मांडला की मावशींचा राग एक पायरी चढला आहे. हा सिद्धान्त लक्षात ठेवा, तो पुढे पडणार आहे.

माझं म्हणणं असं आहे की भाषा ज्याला आपला मानते त्यालाच वाकवते. आपण रामाला म्हणतो, पण सुनीलाला म्हणत नाही, सुनीलला. राम घरचा, त्याला सामान्यरूपात वाकवलं तरी तो काही बोलत नाही. सुनील थोडा नवा, त्याला धक्का न लावता प्रत्यय बाहेरून चिकटवायचा. आता पीटर बघा: पीटरला, पीटरने. पाहुणा. पण मराठी बायबल उघडा: पेत्राला, पेत्राने, पेत्राचा. तो रामाच्या पंक्तीत बसलाय. आणि अर्नाळ्यात तर पेद्र्या! त्याला आता वेगळा कागद दाखवायची गरज उरली नाही. एका कचेरीत नाव लिहून घेणाऱ्याने अशाच एका माणसाला 'मूळ गाव कुठलं?' असं दोनदा विचारलेलं मी ऐकलंय. त्याने दोन्ही वेळा 'अर्नाळा' म्हटलं. तिथे मी 'पेद्र्या' हा पुरावा म्हणून दाखल करायला हवा होता, पण आत शिक्का मारायला रांग होती.

या किनाऱ्याला ग्रीक नावं वाकवायची सवय जुनी. अर्नाळ्याहून विरारकडे परतताना उजव्या अंगाला सोपारा राहतं. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाने लिहिलेल्या पेरिप्लसमध्ये ते 'सुप्पारा' म्हणून आहे. त्यांनी आमचं गाव वाकवलं, आम्ही त्यांची माणसं. महावंस सांगतो की अशोकाच्या काळात धर्मप्रसारासाठी अपरान्तात, म्हणजे या आपल्या कोकणपट्टीत जो भिक्खू पाठवला, तो यवन, म्हणजे ग्रीक, होता. नाव काय? धम्मरक्खित. संपूर्ण नावच बदलून आलेला. मध्य प्रदेशात विदिशेजवळ हेलिओदोरोस नावाच्या ग्रीक राजदूताने गरुडस्तंभ उभारला, त्यावर ब्राह्मीत कोरलंय 'हेलिओदोरेण', तृतीया! रामेण, देवेन, हेलिओदोरेण. आज आपण लिहिताना 'हेलिओडोरसने' लिहितो. जणू त्याला हात लावायला भीती वाटते.

सगळ्यांत जास्त वाकलेला ग्रीक मात्र तुमच्याच घरात असेल. मिलिंद. शाळेच्या आमच्या वर्गात तीन मिलिंद होते आणि तिघांनाही आपण ग्रीक आहोत याची कल्पना नव्हती. मेनांद्रोस नावाचा यवन राजा, पालीत मिलिंद झाला. संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भुंगा, त्यामुळे पुष्कळ आईबापांना वाटतं आपण भुंग्याचं नाव ठेवलं. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंद नाव मिळालं ते भुंग्यावरून नव्हे. प्रश्न विचारणाऱ्या, आणि हरला तर हार मानणाऱ्या त्या राजावरून. या राजाच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीकात 'मेनांद्रू' आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठीत 'मेनंद्रस'. दोन्हीकडे षष्ठी. राजाचं म्हणजे राजाचं, नाणं खिशात कोणाच्याही असो.

मेनांद्रोसच्या शेपटीतला 'आंद्रोस' म्हणजे पुरुष. वसईच्या आंद्रूत, म्हणजे आंद्रेतही, तोच. ग्रीकात मूळ शब्द 'आनेर', आणि तो आपल्या 'नर'चा चुलतभाऊ. मग मधला द कुठून आला? न आणि र एकमेकांना खेटले की जीभ सोयीसाठी मध्ये द घुसवते. वानराचं वांदर होतं तेव्हा जो द येतो ना, तोच हा. तेव्हा आंद्रू आणि मिलिंद हे एकाच घरातले. दोघांच्याही कुळात ग्रीकांनी नर ठेवला आणि वांदराने द दिला. हे मी एका मिलिंदला सांगितलं होतं. त्याने मला फोन करणं बंद केलं.

या मिलिंदाचा आणि भिक्खू नागसेनाचा संवाद पालीत आहे, मिलिंदपञ्ह. त्यात राजाचा पहिलाच प्रश्न काय? भन्ते, आपलं नाव काय. नागसेन म्हणतात, लोक नागसेन म्हणून हाक मारतात, पण महाराज, ते नुसतं नाव आहे, त्यामागे कोणी सापडायचा नाही. मग रथाचा दाखला देऊन तो रथ सुटा करून दाखवतात: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का. ग्रीक नावाच्या राजाला नावाचं व्याकरण असं समजावलं गेलं. मला ते शाळेपासून नीट कळलं नव्हतं. होडीत कळलं. पेद्रू ही हाक होती, विभक्ती होती, चार भाषांतला प्रवास होता, टोपणनाव होतं, खडक होता. नव्हता तो फक्त पेद्रू.

राहिला इस्तेव्हांव, म्हणजे स्टीफन; त्याचं तेवढं सांगून टाकतो, कारण हँडल अजून आलेलं नाही. 1616 मध्ये ज्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते फादर थॉमस स्टीफन्स. स्टेफानोस म्हणजे मुकुट, आणि ग्रीक लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर फितीने जोडलेले दोन मुकुट ठेवतात, त्यांना 'स्तेफाना' म्हणतात. म्हणजे मराठीत स्टीफन म्हणजे बाशिंगराव. आता हे फादर, म्हणजे आजन्म ब्रह्मचारी. आणि आडनावात बाशिंग! त्यांनी लग्नाऐवजी व्याकरण केलं. कोकणी भाषेचं त्यांनी लिहिलेलं व्याकरण 1640 मध्ये राचोलला छापलं गेलं, भारतीय भाषेचं छापलेलं पहिलं व्याकरण. व्याकरण कसं सुचतं ते मला माहीत आहे. त्यांच्याही काळात होडी सुटायला उशीर होत असणार.

"आलाऽऽ!" कोणीतरी ओरडलं.

सुरूच्या झाडांतून एक साठी ओलांडलेला माणूस सावकाश येत होता. लुंगी वर खोचलेली, खांद्यावर लोखंडी हँडल. मावशींनी हात हलवला. त्याच्या मागून दहाएक वर्षांचा एक पोरगा धावत आला, हातात बर्फाची थैली, गळ्यात क्रूसाचा दोरा. दोघंही पाण्यात उतरले. पोरगा कमरेपर्यंत बुडाला आणि हसत सुटला.

"ए पेद्र्या, थैली वर धर!" मावशी त्याला म्हणाल्या, आणि म्हाताऱ्याकडे वळून, "पेद्रूबाबा, कवा बसून हाव आमी."

मी एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. "दोघांचंही नाव...?"

"आज्याचं नातवाला ठेवलंय," मावशी म्हणाल्या. "पेद्रूला हँडल मागत होते, पेद्र्याला बरफ. दोघं येक येळी हलतील तर शप्पथ."

माझा रागाच्या पायऱ्यांचा सिद्धान्त पाण्यात गेला. पण म्हाताऱ्याने हँडल फिरवायला घेतलं, पोरगा त्याला टेकून होडीच्या काठावर बसला, आणि माझ्या कानात पन्नास वर्षांपूर्वीचा गुरुजींचा हात परत आला. दोन! एका वेळी, एकाच नावाचे, बरोबर दोन. मराठीत यांना काय म्हणू? पेद्रू म्हटलं तर एक, पेद्रू म्हटलं तर अनेक.

"पेत्रोऽ," मी हळूच म्हणून पाहिलं. ग्रीक, पुल्लिंगी, प्रथमा, द्विवचन.

म्हातारा आणि पोरगा दोघांनीही वळून पाहिलं.

"कोनता पायजे, दादा?" मावशींनी विचारलं. इंजिन सुरू झालं होतं, त्यामुळे माझं उत्तर कुणाला ऐकू गेलं नाही.